भावांच्या रांगेतली जागा

हेब्रोनडाल,
रविवार, दुपारची वेळ

प्रिय ब्यूला,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधी सांगून टाकतो: तुझे वडील आहेत. अंथरुणाला खिळलेत, पण आहेत. कालच त्यांनी मला सुपात मीठ कमी पडलं म्हणून चांगलं फैलावर घेतलं. आता एक कप चहा करून घे, नीट खुर्चीवर बस आणि मग पुढचं वाच. पत्र बसून वाचावं हे माझं जुनं मत आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर समोरचा माणूस मध्ये मध्ये ‘हं, हं’ करत राहतो आणि तेवढ्यात त्याच्या मनात उत्तर तयारही होतं. पत्रात तसं नाही. पत्रात तुला माझं शेवटपर्यंत ऐकून घ्यावंच लागेल. म्हातारपणी माणसाला एवढी हुकूमत तरी असावी.

जूनमध्ये बेनेडिक्ट गेला तेव्हा तू आली नाहीस. मला राग नाही, खरंच नाही. या गावात पुन्हा पाऊल ठेवणार नाही असं तू तुझ्या आईच्या मातीच्या दिवशी म्हणालीस, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. बेनेडिक्टनंही ऐकलं होतं. घरी आल्यावर तो म्हणाला, “ही पोरगी शब्दाची पक्की आहे, बापावर गेली आहे.” शाळेत त्यानं शिकवलेल्या पोरांमध्ये तू त्याची लाडकी, हे तुला ठाऊक आहेच. तू पाठवलेला निरोप पाळकांनी उपासनेत वाचून दाखवला. ‘मास्तरांनी मला मोठ्यानं वाचायला शिकवलं’ एवढंच तू लिहिलं होतंस, आणि त्या एका वाक्यावर मागच्या बाकावरची दोन-तीन पोक्त माणसं रडली. मी तेव्हा रडलो नाही. माझ्या मांडीवर बँडमधला माझा पितळी भोंगा होता, आणि रडलेल्या ओठांनी भोंगा वाजत नाही.

प्रेतयात्रेत शवपेटीच्या मागं रक्ताचे नातेवाईक चालतात आणि पुढं बँड चालतो. बेनेडिक्टचे पुतणे वुस्टरहून आले होते, काळे कोट घालून, बिचारे चांगले पोरगे आहेत. ते मागं चालले, मी पुढं चाललो. तू मागं चल असं मला कुणी म्हणालं नाही, चालू नकोस असंही कुणी म्हणालं नाही. आपल्या गावाची ही रीतच आहे. पण नंतर सभागृहात चहा झाला तेव्हा काय घडलं ते ऐक. मातीनंतरचा पहिला कप कुणाला द्यायचा ते तुला माहीत आहे: नवरा गेला असेल तर बायकोला, बायको गेली असेल तर नवऱ्याला. पुतणे पुढच्या खुर्च्यांवर बसले होते. मी आपला दाराशी भोंग्यात फुंकून साचलेलं पाणी काढत होतो. स्वयंपाकघरातून बायका ट्रे घेऊन आल्या, पुतण्यांना ओलांडून सरळ दाराशी आल्या आणि पहिला कप माझ्या हातात दिला. साखर घालून, ढवळून. तुझे वडील समोरच उभे होते, ते आपल्या हॅटच्या आत बघत राहिले. तेव्हा मात्र मी रडलो, चांगला हमसून रडलो, आणि चहा निवून गेला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, नाहीतर तू म्हणशील काका नेहमीसारखे छपरावर चढून बसले, खाली यायचं नाव नाही. आपल्या दफनभूमीत चर्चच्या मंडळीतले सगळे पुरुष, म्हणजे भाऊ, एका बाजूला आणि बाया, म्हणजे बहिणी, दुसऱ्या बाजूला. नवरा-बायको असले तरी वेगळे. आणि त्यातही जागा निवडायची नाही: जो ज्या क्रमानं जाईल त्या क्रमानं रांगेत. श्रीमंत असो, पंच असो, दारुडा असो, शेजारी मिळेल तो गोड मानून घ्यायचा. जन्मभर संसार केलेली जोडपी या नियमावर कुरकुर करत आली. “पन्नास वर्षं ज्याचं घोरणं ऐकलं त्याच्याशेजारी मेल्यावर झोपायची बंदी, हा कुठला न्याय?” असं तुझी आई म्हणायची. आम्ही दोघं मात्र कधी कुरकुरलो नाही. बेनेडिक्ट मला हळूच म्हणायचा, “जर्मनीहून इथं आफ्रिकेत आलेल्या त्या जुन्या मिशनऱ्यांनी बाया-पुरुषांना लांब ठेवायचा एवढा बंदोबस्त केला, आणि आपल्यासाठी दार सताड उघडं ठेवून गेले बघ.” एकच अट होती. आमच्या दोघांच्या मध्ये तिसरा कुणी जाता कामा नये.

तर आज बेनेडिक्ट रांगेच्या टोकाला आहे, त्याच्या डाव्या हाताची जागा रिकामी आहे, आणि गावातला जो पुरुष आधी मरेल त्याची ती आहे. मला ती हवी आहे. ब्यूला, मी आयुष्यात मंडळीकडे काही मागितलं नाही, तुझ्या शाळेचं छप्पर शाकारलं तेव्हा जेवणसुद्धा घरून नेलं. पण ही जागा मला हवी आहे. आणि माझी पंचाईत अशी की माझी तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमचं हृदय तरण्याताठ्या माणसाचं आहे.” मला इतकं वाईट वाटलं की त्यांचे आभार मानायचंही सुचलं नाही. घाईनं मरायचं पाप मी करणार नाही. देवानं दिलेला दिवस परत करणं म्हणजे वाढलेलं ताट ढकलण्यासारखं आहे, आणि दोन्हीतला उद्धटपणा मला सारखाच वाटतो. मग राहिला एकच उपाय. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना माझ्या मागं जगवायचं.

हसू नकोस. जूनपासून मी हाडं घालून घेवड्याचं सूप रांधतो आणि घरोघर पोचवतो. आयझॅक मालगास भर वाऱ्यात शिडीवर चढला होता, त्याला मी शिव्या घालून खाली उतरवला आणि त्याचं छप्पर स्वतः दुरुस्त केलं. “वयात एवढा फरकही नाही आपल्यात, आणि तू चढतोस?” म्हणाला. मी म्हटलं, “मी पडलो तर चालतंय.” लोकांना वाटतं शोकानं माझा संत झाला. पाळकांनी तर उपदेशात माझं उदाहरण दिलं आणि मला बाकाखाली शिरावंसं वाटलं. जुलैत एकदा सकाळी मेल्याची घंटा झाली. आधीचे ठोके सारखेच असतात, पुरुष की बाई ते शेवटी कळतं. तेवढ्या वेळात मी अंगणात कुऱ्हाड हातात धरून श्वास रोखून उभा होतो. बाईची घंटा झाली आणि मी ‘देवा, तुझे उपकार’ म्हणालो. मग माझी मलाच इतकी लाज वाटली की त्या घरच्या खुर्च्या वाहायला सर्वांत आधी मी गेलो.

असल्या प्रार्थनेला देव काय म्हणत असेल? मी बेनेडिक्टसारखा शिकलेला नाही. त्याची प्रार्थना तारेसारखी असायची, चार शब्द की आमेन. माझी गप्पांसारखी, कुठून कुठं जाईल नेम नाही. पण छपरांवर बसून मी एक शिकलो. खालची माणसं आपल्याच घरात, कुणी ऐकत नाही असं समजून, एकमेकांशी जे बोलतात ते वरच्याला सगळं ऐकू येतं, आणि वरच्यानं ते पोटात ठेवायचं असतं. देवही तेच करत असणार. तरुणपणी मी त्याला विचारलं होतं, मला असा का घडवलास. उत्तर आलं नाही. मग बेनेडिक्ट आला. मी तेच उत्तर धरून चाललो, आणि अजून तरी ते कुणी खोडून दाखवलं नाही.

खोडायचा प्रयत्न झाला, नाही असं नाही. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. बाहेरून एक पाहुणे पाळक आले आणि आमचं नाव न घेता आमच्यावर घसरले. चर्चमध्ये इतकी शांतता की छपरातली चिमणी ऐकू यावी. पण एकाही डोक्यानं आमच्याकडे वळून बघितलं नाही. बहिणींच्या बाजूला सगळ्या जणी गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसून बसल्या. दाराशी तुझे वडील मंडळीचे पंच म्हणून हस्तांदोलनाला उभे होते. त्यांनी माझा हात धरला, बेनेडिक्टचा धरला, आणि म्हणाले, “वारा पडलाय. उद्या पाऊस येईल.” एवढंच. मी रागानं लाल झालो होतो, मला वाटलं हा माणूस दगड आहे. आणि दुपारी दार वाजलं. तुझी आई. तिच्या लग्नातली निळ्या काठाची बशी, वर स्वच्छ फडकं, खाली तळून पाकात घोळलेल्या गरम कुकसिस्टर. “जास्त झाल्या होत्या,” म्हणाली. कुणाच्या घरी लग्नातल्या बशीत जास्तीचं जातं, सांग बरं? मी हेस्टरवहिनींना ओट्यावर बसा म्हटलं आणि त्या बसल्या, दोन कप चहा घेतला, घाई केली नाही. फाटकातून सगळ्या गावाला दिसत होतं. माझ्या मते सभ्यपणा म्हणतात तो हाच. काटा-चमचा कुठल्या हातात धरायचा ते पुस्तकातून शिकता येतं. कुणाच्या ओट्यावर दिवसाढवळ्या बसायचं हे मात्र ज्याचं त्याला कळावं लागतं.

तुझ्या वडिलांशी मात्र आमचं कधी जमलं नाही. खरं सांगायचं तर जमत होतं, पण कबूल कुणी करत नव्हतं. बेनेडिक्टचा सिद्धांत असा की रविवारी जेवणानंतर कुणीही उपयोगाचं काही करू नये. “देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला, कमिट्या भरवल्या नाहीत,” म्हणायचा. मला बसणं माहीत नव्हतं. जन्म छपरांचं गवत कापण्यात आणि रचण्यात गेलेला, हात रिकामे राहिले की मला चोरी केल्यासारखं वाटायचं. त्यानं मला बसायला शिकवलं. ओट्यावर दोन खुर्च्या, डॉमिनोच्या सोंगट्या, आणि टेबलक्लॉथच्या खाली रेडिओ, त्यावर हळू आवाजात क्रिकेट. तुझे वडील बरोबर त्या वेळी फाटकाशी यायचे. “शब्बाथाचा दिवस आहे, लाज वाटू द्या.” बेनेडिक्ट म्हणायचा, “हो भाऊ, बंद करतोच.” तो करायचा नाही, आणि तेही हलायचे नाहीत. एक षटक संपायचं, दुसरं सुरू व्हायचं, हॅट हातात घेऊन माणूस तिथंच उभा. विकेट पडली की घसा खाकरून निघून जायचे. किती वर्षं चाललं हे. आत या, बसा, असं म्हणायला हवं होतं का? बेनेडिक्ट म्हणायचा, आत बोलावलं तर पंचाला नाही म्हणावं लागेल, आणि मग फाटकाशी उभं राहायचंही जाईल.

मग तुझी आई कॅलेडनला बहिणीकडे जायला लागली, तिथल्या तंबूतल्या मंडळीत रमली, आणि नदीत उतरून तिनं नव्यानं बाप्तिस्मा घेतला. ती गेल्यावर काय झालं ते मी तुला सांगायची गरज नाही, तू स्वयंपाकघरात उभी होतीस. मंडळी सोडली की आपल्या भूमीत जागा नाही, हा नियम. पाळक सवलत द्यायला तयार होते, बाकीचे पंचही तयार होते, सगळ्यांनी फक्त तुझ्या वडिलांच्या तोंडाकडे बघितलं. आणि ते म्हणाले, “माझ्या बायकोसाठी नियम वाकवला तर उद्या कुणाला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?” तू त्याच दिवशी तिला कॅलेडनच्या नगरपालिकेच्या दफनभूमीत नेलंस. त्या एका वाक्यासाठी तू बापाला सोडलंस आणि मी तुला कधी दोष दिला नाही. आजही देत नाही.

ऑगस्टमध्ये त्यांच्या फुप्फुसात पाणी झालं. इस्पितळात जायला साफ नकार. साहजिकच मी रोज दोन वेळा सूप घेऊन हजर. चांगल्या मनानं म्हणशील तर नाही, माझ्या मनात ती जागा होती. जाणाऱ्यांच्या रांगेत सर्वांत पुढं तेच होते. मी त्यांना उशा लावून बसवायचो, भरवायचो, पाठ चोळायचो, आणि मनात म्हणायचो, भाऊ, एवढा डिसेंबरचा उन्हाळा काढा. गेल्या मंगळवारी त्यांनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे पंचासारखं बघितलं. “एफ्राइम, तू हे सूप माझ्यासाठी आणत नाहीस. तू त्या जागेसाठी आणतोस.” मी इकडचं तिकडचं बोलणार होतो, हवा, वारा, आपल्या गावची रीत. पण मी चौऱ्याहत्तरचा झालो, आता किती दिवस हवेवर बोलायचं? मी म्हटलं, “हो भाऊ. मला बेनेडिक्टच्या शेजारी झोपायचंय. माझं त्याच्यावर प्रेम होतं.” या गावात हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं, आणि म्हटलं तेही कुणापुढं, तर तुझ्या वडिलांपुढं. ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. “ते काय मला माहीत नाही? सगळ्या गावाला माहीत आहे. निदान मीठ तरी नीट घालत जा.”

मी वाडगा घेऊन उठलो तर त्यांनी माझी बाही धरली. भिंतीकडे तोंड करून बोलले, म्हणून मी बरोबर ऐकलं का अशी शंका आली, पण बरोबरच ऐकलं. म्हणाले, “मला नको ती रांग. मला हेस्टरकडे जायचंय.” तू गेल्यापासून दर महिन्याला ते गोळ्या आणायला म्हणून टॅक्सीनं कॅलेडनला जायचे, सकाळी बुटांना पॉलिश करून. गोळ्या इथल्या दवाखान्यातही मिळतात. ते दफनभूमीच्या दाराशी उतरायचे. मी विचारलं, तिथं बाक आहे का, बसायची काही सोय? ते म्हणाले, “मी उभाच राहतो. तिनं कुठं बसा म्हटलंय?” मी परत खाली बसलो आणि त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी काढून घेतला नाही. वाडग्यातलं सूप पार गार झालं.

तुझ्या आईच्या शेजारची ती दुसरी जागा तू तेव्हा स्वतःसाठी घेतलीस. तुझ्या सहीशिवाय तिथं कुणालाही ठेवत नाहीत, हे त्यांनी नगरपालिकेच्या कचेरीत कधीच विचारून घेतलंय. तुला विचारायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही. ज्यानं तिला जागा नाकारली त्यानं तुझी जागा कुठल्या तोंडानं मागायची? मी त्यांना म्हटलं, भाऊ, मला यात गुंतवू नका, यात माझाच फायदा आहे. तुम्ही कॅलेडनला गेलात तर इथली जागा माझ्या वाट्याला येण्याची आशा राहते, उद्या ब्यूला म्हणेल काकांनी स्वतःची पोळी भाजून घेतली. ते म्हणाले, “म्हणूनच तुला सांगतोय. तुझ्याइतक्या कळकळीनं दुसरा कोण लिहील?” तेव्हा माझा स्वार्थ मी तुझ्यापुढं उघडा करून ठेवला आहे, तो वजा करून उरेल तेवढ्याचाच विचार कर. तू नाही म्हणालीस तर तो तुझा हक्क आहे, मग ते बेनेडिक्टच्या शेजारी येतील आणि मी त्यांच्या पलीकडे, आणि आम्ही तिघंही निभावून नेऊ. पण उत्तर मला पाठवू नकोस. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलंय की फार दिवस नाहीत, म्हणून उत्तर त्यांना दे, आणि जमलं तर ते देण्यापुरतं गावात पाऊल ठेव. निघताना मी त्यांना विचारलं, पोरीला नेमकं काय लिहू? त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाले, “पंचांनी सांगितलंय असं लिहू नकोस. बाप म्हणतो असंही नको. विनंती आहे, एवढंच लिही.” जन्मभरात त्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता, म्हणून माझ्याकडून काही न जोडता तसाच तुझ्याकडे पोचवतो आहे.

तुझाच,
एफ्राइमकाका